पोळी कोणाची, टाळी कोणाची?

हैदराबादच्या पश्चिम सीमेवरील कोकापेट येथे ३ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारी भूखंडांचा लिलाव झाला. त्यात एका एकराला १०० कोटी ७५ लाख रुपयांचा भाव आला आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी त्या आकड्याला पंचारतीने ओवाळले. याच कोकापेटात २००७ सालीही लिलाव झाला होता. तेव्हा बोली एकरी सुमारे चौदा कोटींवर चढली होती आणि तेव्हाही अशीच आरती झाली होती. पुढे मंदीचे वारे सुटले, बोली लावणाऱ्यांचे हात आखडले, जमिनीच्या मालकीहक्काचे जुने वाद वर आले आणि प्रकरणे न्यायालयाच्या पायऱ्या चढली. जमीन तीच, खडकही तेच. बदलला होता तो माणसांचा विश्वास. जमिनीची किंमत म्हणून आपण जे काही उच्चारतो त्यात दगडमातीचा भाग थोडा आणि या विश्वासाचा भाग फार, हे त्या दोन लिलावांनी एकाच गावात दाखवून दिले.

लिलावाचे एक बरे असते. तेथे बोली उघड्यावर होते, चुकली तर बोलणाऱ्याचा खिसा फाटतो आणि जगाला ते दिसते. पण आमच्या फोंड्याचा किंवा डिचोलीचा एखादा मुलगा माधापूर-गच्चीबावलीच्या एखाद्या कंपनीत नोकरीला लागतो, लग्न ठरते, आणि कर्ज काढून तो तेथे तीन खोल्यांचा फ्लॅट घेतो, तेव्हा त्या फ्लॅटची किंमत कोण ठरवतो? बिल्डर सांगतो ती किंमत झाली विक्रेत्याची. मुलगा कबूल करतो ती झाली गरजवंताची. या दोघांखेरीज तिसरा एक माणूस असतो. तो घराला भेट देतो, निदान द्यावी अशी अपेक्षा असते. टेप लावून मापे घेतो, आजूबाजूचे व्यवहार पाहतो, कागदपत्रे चाळतो आणि दोन-चार पानांचा अहवाल लिहून बँकेकडे धाडतो. त्याच्या शुल्काचा भार बहुधा कर्जदाराच्याच माथी बसतो. मात्र त्याचा अहवाल कर्जदाराच्या दृष्टीस क्वचितच पडतो. त्याला बँकेच्या बोलीत ‘पॅनेलवरचा व्हॅल्युअर’ म्हणतात, शुद्ध मराठीत मूल्यांकक. आज आम्हाला लिहायचे आहे ते या अदृश्य माणसाविषयी, कारण वीस वर्षांच्या हप्त्यांचा डोलारा त्याच्या एका सहीवर उभा असतो आणि ठेवीदारांच्या पैशाची राखणही तीच सही करते.

ही सही किती मोलाची असते ते एका साध्या हिशेबाने कळेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किंमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढील कर्जात पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. उरलेली रक्कम घेणाऱ्याने पदरची घालावी म्हणजे त्याचा जीव त्या घरात गुंततो आणि भाव पडले तरी बँकेच्या मुदलाला उशी राहते, हा त्यामागचा विचार. आता ऐंशी लाखांचा फ्लॅट घ्या. प्रामाणिक हिशेबाने त्यावर चौसष्ट लाखांचे कर्ज मिळेल आणि सोळा लाख घेणाऱ्याला उभे करावे लागतील. पण करारपत्रातला आकडा फुगवून एक कोटी केला आणि मूल्यांककाने त्याला दुजोरा दिला, की पंचाहत्तर लाखांचे कर्ज बिनबोभाट मंजूर होते आणि पदरच्या सोळा लाखांचे पाच लाख होतात. घेणारा खूश, बिल्डर खूश, कर्ज जमवून आणणारा दलाल खूश, शाखेच्या उद्दिष्टाचा रकाना भरला म्हणून शाखाधिकारीही खूश. नाखूश होण्यासारखा एकच जण असतो, तो म्हणजे बँकेत मुदतठेव ठेवणारा निवृत्त शिक्षक. आणि त्याला या खोलीत कोणी बोलावलेलेच नसते.

या चौघांच्या मेळ्यात खोटे बोलण्यात हित नसलेला असा एकच माणूस असावा म्हणून मूल्यांकक नेमलेला असतो. पण त्याला काम कोण देतो? शाखा. पुढचे काम द्यायचे की नाही हे कोण ठरवतो? तीच शाखा. तीन वेळा कमी किंमत लिहिली, दोन कर्जे मोडली, की चौथ्या वेळी फोन वाजत नाही. त्याला कोणी धमकी देत नाही, कोणी लाचही देऊ करत नाही. नुसता फोन वाजायचा थांबतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी ही म्हण आपल्याकडे भाटांसाठी झाली असेल, पण तिचा इतका चपखल उपयोग भाटांच्याही बाबतीत झाला नसेल. शुल्क तुटपुंजे, मुदत दोन दिवसांची आणि कामे डझनभर, अशा स्थितीत प्रामाणिक मूल्यांककदेखील जागेवर न जाता टेबलावर बसून किंमत लिहू लागला तर नवल कसले?

हैदराबादच्या नारायणगुडा भागातील तेव्हाच्या विजया बँकेच्या शाखेत घडलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. बावीस कर्जदारांना नियम डावलून गृहकर्जे दिली गेली आणि त्यात बँकेला सव्वा कोटीहून अधिक रकमेचे नुकसान झाले, असा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप होता. २००५ साली गुन्हा नोंदवला गेला. आरोपींच्या यादीत शाखेचे अधिकारी होते, बिल्डर होता, मालकीहक्काबद्दल अभिप्राय देणारा बँकेच्या पॅनेलवरचा वकील होता आणि पॅनेलवरचा मूल्यांककही होता. म्हणजे ज्या कुंपणांनी शेत राखायचे ती सारी कुंपणे एकाच आरोपपत्रात शेजारी शेजारी उभी होती. त्यांतील वकिलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच्यापुरता खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो निर्णय २१ सप्टेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. व्यावसायिकाचा अभिप्राय चुकीचा निघाला एवढ्यावरून तो कटात सामील होता असे म्हणता येत नाही, बँकेला फसवण्याच्या बेतात त्याचा प्रत्यक्ष सहभाग होता याचा पुरावा पाहिजे, हे त्या निकालाचे सार.

कायदा म्हणून हे तत्त्व योग्यच आहे. चुकीबद्दल कोणाला तुरुंगात घालू लागलो तर उद्या कोणताच वैद्य नाडीला हात लावणार नाही. पण या तत्त्वाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. निष्काळजीपणा आणि संगनमत यांच्यामध्ये जी रुंद, करडी पट्टी आहे तिच्यावर फौजदारी न्यायालयाचा प्रकाश पडत नाही. तेथे प्रकाश पाडायचा तर त्या व्यवसायाची स्वतःची शिस्त हवी, नोंदणी हवी, चुकणाऱ्याची चौकशी करून त्याची सनद काढून घेणारी संस्था हवी. वकिलांना बार कौन्सिल आहे, हिशेबतपासनिसांना त्यांची इन्स्टिट्यूट आहे. गृहकर्जासाठी घराची किंमत लिहिणाऱ्याला काय आहे?

नारायणगुड्याचे प्रकरण लहान वाटत असेल तर याच शहरातले मोठे पाहू. सत्यम कॉम्प्युटर्स ही हैदराबादची कंपनी एके काळी देशाच्या संगणक-उद्योगाचे भूषण मानली जात होती. १६ डिसेंबर २००८ रोजी तिच्या संचालक मंडळाची बैठक झाली आणि अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबीयांशी निगडित असलेल्या दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव मंजूर झाला. मेटास प्रॉपर्टीज पूर्णपणे घ्यायची, मेटास इन्फ्राचे एक्कावन्न टक्के भाग घ्यायचे, आणि त्यासाठी मोजायचे एकूण १६० कोटी डॉलर. त्यांपैकी १३० कोटी डॉलर एकट्या मेटास प्रॉपर्टीजसाठी. (सत्यम हे नाव रोमन अक्षरांत उलटे लिहिले की मेटास होते. इतके उघड लिहून ठेवले होते, तरी पुष्कळांना ते वाचता आले नाही.) संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीला एकाएकी जमिनी कशाला हव्या झाल्या, हा प्रश्न कोणाही शेतकऱ्याला सुचला असता. पण संचालक मंडळात नामांकित व्यवस्थापन-शाळांचे प्राध्यापक आणि निवृत्त मंत्रिमंडळ सचिव असूनही ठराव एकमताने संमत झाला. भागधारकांनी मात्र त्याच रात्री बंड पुकारले, न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचा भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला.

त्या व्यवहाराचा खरा अर्थ तीन आठवड्यांनी कळला. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोकड शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. मेटासची खरेदी हा त्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा अखेरचा प्रयत्न होता, असेही त्या पत्रात होते. वाचकांनी या वाक्यावर थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. पाच हजार कोटींचे भगदाड बुजवायला राजूंना सोने का सुचले नाही, कारखाने का सुचले नाहीत? जमीनच का सुचली? कारण रोकड मोजता येते, सोने तोलता येते, पण शहराबाहेरच्या शेकडो एकर जमिनीची किंमत म्हणजे कोणीतरी लिहून दिलेला आकडा. तो आकडा हवा तेवढा ताणता येतो, आणि एकदा तो प्रतिष्ठित लेटरहेडवर आला की मोठमोठे विद्वान त्यापुढे मान तुकवतात. भगदाड जेवढे तेवढी किंमत, असा उलटा हिशेब ज्या मालमत्तेत करता येतो ती मालमत्ता म्हणजे जमीन. सत्यमच्या घोटाळ्याची चर्चा हिशेबतपासणीच्या अंगाने पुष्कळ झाली. मूल्यांकनाच्या अंगाने ती जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे आमचे मत आहे.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. सरकारने संचालक मंडळ बरखास्त केले, एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने सत्यम घेतली, आणि ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. मेटासच्या दोन्ही कंपन्या पुढे आयएल अँड एफएस या समूहाच्या हाती गेल्या. बाचुपल्लीच्या हिल काउंटी वसाहतीत पैसे भरून बसलेल्या लोकांना घराची वाट पाहत ताटकळावे लागले ते निराळेच. आणि ज्या समूहाने मेटासला हात दिला त्याचेही संचालक मंडळ १ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारला दूर करावे लागले.

हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्या देशात या व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली त्या अमेरिकेतही ते आहे आणि त्यावर केलेला उपाय कसा अंगलट आला हे पाहण्यासारखे आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात बचत-संस्था पटापट बुडाल्या आणि त्यांच्या राखेत फुगवलेली मूल्यांकने सापडली. म्हणून १९८९ साली कायदा करून मूल्यांककांना राज्याच्या परवान्याची सक्ती झाली. तरी २००० ते २००७ या काळात सुमारे अकरा हजार मूल्यांककांनी सह्या करून वॉशिंग्टनला अर्ज पाठवला, की कर्ज देणाऱ्या संस्था आमच्यावर किंमत वाढवून लिहिण्यासाठी दबाव आणतात, न ऐकणाऱ्याला काम देत नाहीत. अकरा हजार माणसे आपल्याच पोटावर पाय येईल हे ठाऊक असून सही करतात, तेव्हा धूर कोठून येतो हे विचारण्याचे कारण उरत नाही. तो अर्ज दप्तरात राहिला आणि घरे कोसळली.

तेथे बँक आणि मूल्यांकक यांच्यामध्ये एक तिसरी कंपनी असते. बँकेने तिला काम सांगायचे, तिने आपल्या यादीतला मूल्यांकक नेमायचा, म्हणजे बँकेचा हात त्याच्या मानगुटीपर्यंत पोचणार नाही, अशी ही कल्पना. भिंत म्हणून ती सुंदर होती. पण नोव्हेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी अशाच एका मोठ्या कंपनीवर दावा गुदरला. वॉशिंग्टन म्युच्युअल या बँकेच्या मर्जीखातर तिने आपली यादी बँकेला सोयीच्या मूल्यांककांपुरती मर्यादित केली, असा आरोप होता. भिंतीला दार पाडले होते आणि दाराची किल्ली बँकेकडेच होती. ती बँक सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी बँकबुडी. त्यानंतर मे २००९ पासून कर्जविभागाने मूल्यांकक निवडू नये असा दंडक आला आणि त्याचा परिणाम असा झाला की या मधल्या कंपन्यांचाच धंदा फोफावला. घरमालकाने भरलेल्या शुल्कातला मोठा वाटा त्या स्वतःकडे ठेवू लागल्या, स्वस्तात आणि झटपट लिहून देईल त्याला काम जाऊ लागले, आणि मुरलेले मूल्यांकक कुरकुरत बाहेर पडू लागले. शेवटी २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने या कंपन्यांवरही राज्यांची देखरेख आणली, मूल्यांककाला रास्त मोबदला मिळावा असे लिहिले, आणि २०१५ मध्ये त्यांच्या नोंदणीचे किमान नियम ठरले. राखणदारावर राखणदार नेमला की पहिल्याचा पगार अर्धा होतो आणि दुसऱ्याची राखण कोणी करायची हा प्रश्न शिल्लक राहतो, तो असा.

आपल्याकडेही आता बँकांची कामे ठोक घेऊन पुढे वाटणाऱ्या मध्यस्थ संस्था दिसू लागल्या आहेत. शहर मोठे, कर्जे लाखांनी, बँकेला एकेक मूल्यांकक सांभाळणे जड जाते. तेव्हा त्यांची गरजच नाही असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की अमेरिकेला जे शहाणपण घर जळाल्यावर सुचले ते आपण विहीर खणण्याआधी उसने घ्यायला काय हरकत आहे? कर्जदाराने भरलेल्या शुल्कापैकी प्रत्यक्ष घर पाहणाऱ्याच्या हाती किती पडले आणि मध्ये किती गळले हे बिलावर छापण्याची सक्ती झाली, तरी निम्मे काम होईल.

आपल्या कायद्याची आजची स्थिती मात्र ठिगळांच्या गोधडीसारखी आहे. १९५७ च्या संपत्तीकर कायद्यात मूल्यांककांच्या नोंदणीचे कलम होते. २००२ च्या तारण-वसुली कायद्याखालील नियमांनी मान्यताप्राप्त मूल्यांकक म्हणून त्याच नोंदवहीकडे बोट दाखवले. पुढे २०१५ च्या वित्त कायद्याने संपत्तीकरच गेला, पण त्या नोंदवहीतली नावे बँकांच्या दारात मानाने मिरवत राहिली. संस्थान विलीन झाले तरी दरबाऱ्यांची पागोटी उतरू नयेत तसे. २०१३ च्या कंपनी कायद्यात २४७ वे कलम आले. ज्या मालमत्तेत स्वतःचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन करू नये असे त्यात बजावले आणि फसवणुकीच्या हेतूने नियम मोडणाऱ्याला वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. ऑक्टोबर २०१७ च्या नियमांनी परीक्षा आली, नोंदणी आली, आचारसंहिता आली, व्यवहार जमला तर अधिक फी असा सौदा करण्यास मनाई झाली आणि देखरेख नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे सोपवली गेली. हे सारे उत्तम झाले. पण ही शिस्त कंपन्यांच्या आणि दिवाळखोरीच्या कामांपुरती. बँकेने गृहकर्जासाठी मागवलेले मूल्यांकन तिच्या अंगणाबाहेर राहिले. तेथे रिझर्व्ह बँकेची जानेवारी २००७ ची मार्गदर्शक सूचना आहे: मूल्यांकक स्वतंत्र असावा, त्याचा हितसंबंध नसावा, पॅनेलचे धोरण संचालक मंडळाने ठरवावे, आणि पन्नास कोटी किंवा त्यावरील मालमत्तेला दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत. पन्नास कोटींच्या मालमत्तेला दोन डोळे आणि पन्नास लाखांच्या घराला एक! गरीबाच्या घराची किंमत चुकली तर जग बुडत नाही, हा हिशेब बँकेच्या दृष्टीने बरोबर असेल. त्या घराच्या दृष्टीने नाही.

हैदराबादेत तर या एका डोळ्यालाही फार लांबचे पाहावे लागते. निजामाच्या राज्यात सर्फ-ए-खासची खासगी जमीन होती, जहागिरी होत्या, पायगा होत्या. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, पण जुन्या सनदांचे वारस न्यायालयांत अजून भेटतात. त्यावर तळ्यांचे शहर. तळ्याच्या पूर्ण जलपातळीच्या आतली जमीन उन्हाळ्यात कोरडी, सपाट आणि मोहक दिसते. भूखंड पाडणाऱ्याला तेवढे पुरते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने हायड्रा ही यंत्रणा उभी केली. २४ ऑगस्ट रोजी माधापूरच्या तम्मिडिकुंटा तळ्याकाठचे अभिनेते नागार्जुन यांचे एन कन्व्हेन्शन सभागृह पाडले गेले आणि सप्टेंबरात कुकटपल्ली, अमीनपूर भागांत यंत्रे फिरली. नटाचे सभागृह पडले त्याचे छायाचित्र सर्वत्र छापून आले. पण ज्यांनी परवाने पाहून, बँकेचे कर्ज काढून या शहरात घरे घेतली त्यांच्या पोटात त्या दिवसापासून जो गोळा आला त्याचे छायाचित्र निघत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारावा अशी मागणी झाली, ती रास्तच होती. पण तळ्यात उभ्या असलेल्या इमारतीला पूर्ण बाजारभाव लिहून देणारी सही कोणाची, हे विचारताना आम्हाला कोणी आढळले नाही.

सरकारी कागदाच्या एका फटकाऱ्याने किंमत कशी पालटते याचाही नमुना येथे आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांच्या रक्षणासाठी १९९६ मध्ये १११ क्रमांकाच्या आदेशाने चौऱ्याऐंशी गावांतली बांधकामे रोखली गेली. एप्रिल २०२२ मध्ये नव्या आदेशाने ते निर्बंध उठवण्याची वाट मोकळी केली. जमीन एका रात्रीत सोन्याची झाली म्हणतात. पण न्यायालयीन वाद, सांडपाण्याची सोय आणि उद्याच्या सरकारचे मन यांचा भाव त्यात कोणी धरला? प्रामाणिक मूल्यांकक असे प्रश्न अहवालात लिहितो, आणि असे प्रश्न लिहिले की शाखेतून फोन येतो.

फुगवलेल्या किंमतीविषयीच एवढे लिहिले म्हणून कोणी असे समजू नये, की कमी लिहिणे म्हणजे पुण्य. हप्ते थकले आणि घर जप्त झाले, की लिलावाची राखीव किंमत मूल्यांककाच्याच अहवालावरून ठरते. कर्ज देताना ज्या घराची किंमत एक कोटी लिहिली त्याचीच वसुलीच्या वेळी साठ लाख लिहिली जाते, ते घर कोणा जाणत्या गिऱ्हाइकाच्या घशात जाते आणि उरलेले देणे मूळ मालकाच्या मानेवर राहते. दिवाळखोरीच्या कामात निदान दोन नोंदणीकृत मूल्यांकक नेमावे लागतात आणि दोघांत फार अंतर पडले तर तिसरा आणता येतो. सामान्य माणसाच्या घराला ती सोय नाही.

आमच्या गोमंतकीय वाचकाने हे हैदराबादचे पुराण समजून पान उलटू नये. खाजनात भराव घालून उभे राहिलेले प्रकल्प, सनदेविना झालेले भूखंड, कूळ आणि कोमुनिदाद यांच्या वादात अडकलेल्या जमिनी आपल्याही दारात आहेत, आणि एक-चौदाच्या उताऱ्यात दिसणारे नाव व प्रत्यक्ष ताबा यांतले अंतर येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दिल्ली-मुंबईचे पैसे आसगाव-शिवोलीत ओतले जाऊ लागल्यापासून किंमत म्हणजे काय हेच गावकऱ्याला कळेनासे झाले आहे. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा रांगेत उभे राहिलेले ठेवीदार आम्ही पाहिले आहेत. त्या बँका मूल्यांककांमुळे बुडाल्या असे आमचे म्हणणे नाही. पण बँक अडचणीत आली की तारण हीच ठेवीदाराची शेवटची आशा असते, आणि तारणाचे मोल कागदावर जेवढे तेवढेच प्रत्यक्षात निघावे एवढी त्याची अपेक्षा वावगी नाही.

उपाय सुचवणाऱ्यांनी सुचवले आहेत. २००८ साली एक मसुदा झाला होता. त्यानंतर एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये मूल्यांककांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा आणि राष्ट्रीय संस्थेची योजना सरकारला दिली. त्याचा कायदा झालेला नाही. तो होईपर्यंत रिझर्व्ह बँकेला हात बांधून बसण्याचे कारण नाही. मूल्यांकक निवडण्याचा अधिकार शाखेकडून आणि कर्जविक्री करणाऱ्या विभागाकडून काढून घ्यावा आणि कामे पाळीने वाटावीत. कोणाला पॅनेलवरून काढायचे तर कारण लेखी द्यावे, म्हणजे फोन न वाजण्याची मूक शिक्षा बंद होईल. मध्यस्थ संस्थांची नोंदणी करावी. आणि अहवालाची प्रत कर्जदाराला मागितल्याशिवाय मिळावी; अमेरिकेत गृहकर्ज घेणाऱ्याला ती मिळते, आपल्याकडे ‘अंतर्गत कागद’ म्हणून कपाटात जाते.

ही शेवटची गोष्ट करायला संसद लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. गोव्यातल्या सहकारी बँकांच्या संचालक मंडळांना आमची सूचना आहे, की येत्या बैठकीत एक ओळीचा ठराव करून त्यांनी ती अमलात आणावी. आणि ज्यांची मुले हैदराबादेत, पुण्यात किंवा बंगळुरात घर घेण्याच्या खटपटीत आहेत त्या आईबापांनी मुलाला पत्र लिहून किंवा फोन करून एवढे जरूर सांगावे: सही करण्यापूर्वी शाखेत जा, मूल्यांककाने लिहिलेला कागद माग आणि त्यात जागेला भेट दिल्याची तारीख आहे का ते पाहा.